पन्हा, माया व ठिगळ
शास्त्राभ्यास : निर्गम २२:२६-२७, मत्तय ५:४०, लूक ६:२९, मार्क २:२१, योहान १९:२३-२४



नागपुरातील पेठांना वारांची नावे आहेत : बुधवारी, शुक्रवारी, मंगळवारी, आणि आमची इतवारी. इतवार म्हणजे रविवार, प्रभूचा दिवस. परंतु इतवारीचे नाव काढताच लोकांस आठवते ते कापड. लग्नाचा बस्ता बांधावयाचा असो वा नाताळचे नवे कपडे घ्यावयाचे असोत, खेड्यापाड्यांतील मंडळी येथे अथवा शेजारच्या गांधीबागेत येतात.

काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळीतील एक विधवा भगिनी कापूस वेचून मिळालेली मजुरी पदरी बांधून दोन मुलींच्या झग्यांसाठी कापड घेण्यास आली. सोबत मी होतो. दुकानदाराने एक ठाण उलगडले व म्हणाला, "साहेब, हे स्वस्त आहे, पण पन्हा लहान आहे." मी मान डोलावली. पन्हा म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हते, आणि विचारण्याची लाज वाटली. पुढे शिंप्याने टेप लावली व म्हणाला, "बाई, ह्यात धाकटीच्या बाह्या निघत नाहीत." त्या नाताळात धाकटी जुन्या चोळीच्या बाह्या लावलेला झगा घालून उपासनेस आली. दोष दुकानदाराचा नव्हता. त्याने खरे तेच सांगितले होते. सेमिनरीत मला ग्रीक शिकविले, पन्हा कोणी शिकविला नाही.

पन्हा म्हणजे कापडाची रुंदी, काठापासून काठापर्यंत. हातमागावर तो विणकराच्या हातांच्या पोचेइतकाच असे, कारण धोटा एका हाताने फेकून दुसऱ्या हाताने झेलावा लागे. १७३३ साली जॉन के ह्या इंग्रज कारागिराने दोरीच्या हिसक्याने धावणारा धोटा काढला, तेव्हा एकटा विणकर रुंद कापड विणू लागला. आता लांबी मीटरने मोजतात, पन्हा मात्र अजून इंचांतच सांगतात. ५८ इंची पन्ह्याचे ३ मीटर कापड हे ३६ इंची पन्ह्याच्या जवळजवळ ५ मीटरांइतके भरते. म्हणून भाव विचारण्याआधी पन्हा विचारावा. मीटरचा कायदा १९५६ साली झाला. तरी लुगड्याचे नाव नऊवारीच राहिले. वार म्हणजे ३६ इंच. त्या हिशेबाने नऊ वार म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर, व सहा वार म्हणजे साडेपाच मीटरांस किंचित कमी.

कापडातील उभे धागे ते ताणा, आडवे ते बाणा. तिरक्या कापास उरेब म्हणतात. उरेब कापड ताणले जाते, म्हणून गळ्याच्या गोलाईस उरेब पट्टी लावतात. एवढे पुरे.

शिंप्याचा एक शब्द मला फार आवडतो : माया. शिवणीच्या आत जे जास्तीचे कापड राखतात, त्यास माया म्हणतात. आई लेकरावर करते तीही माया, आणि झग्याच्या कडेस लपवून ठेवते तीही माया! मूल वाढले की शिवण उसवून ती सोडता येते. कापड वाचविण्यासाठी माया कापणारा शिंपी गरिबाच्या घरी परवडत नाही. वर्षभरात झगा आखूड होतो.

कोऱ्या कापडात खळ असते. धुतल्यावर ती निघून जाते व सुती कापड बहुधा आटते. म्हणून जाणता शिंपी म्हणतो, "आधी भिजवून वाळवून आणा." आता मार्क २:२१ वाचा. तेथील मूळ शब्दाचा अर्थ केवळ 'नवे' असा नव्हे, तर अद्याप न आटवलेले कापड असा आहे. त्या देशी लोकरीचे कापड विणल्यानंतर भिजवून, तुडवून घट्ट करीत. जुने वस्त्र पूर्वीच आटलेले. त्यास कोरे ठिगळ लावले की पहिल्याच धुण्यात ठिगळ आटते व भोवतालचे जीर्ण कापड ओढून फाडते. उपदेशकांनी हा दृष्टांत सांगताना घरातील म्हाताऱ्या बाईस पुढे बोलवावे. ती तो आपणापेक्षा बरा समजावून देईल.

वस्त्रांच्या नावांतही असेच आहे. अंगास लागून घालावयाच्या वस्त्रास ग्रीक भाषेत खितोन म्हणत. तो आपला सदरा समजा. वरून पांघरावयाचे ते हिमातियोन. गरिबाचे तेच अंथरूण-पांघरूण, जसे आपल्या शेतकऱ्याचे घोंगडे. मत्तयात प्रथम सदरा जातो, लूकात प्रथम पांघरूण. हा लेखकांचा घोटाळा नव्हे. लूकात ओरबाडणारा मनुष्य आहे. त्याच्या हाती वरचे वस्त्र आधी येते. मत्तयात फिर्याद आहे. फिर्यादीला सदरा मागता येई, परंतु पांघरूण गहाण घेतले तर सूर्यास्तापूर्वी परत द्यावे, अशी मोशेची आज्ञा होती. नाहीतर तो मनुष्य रात्री काय पांघरील? ज्या एका वस्त्रावर नियमशास्त्राने गरिबाचा हक्क राखला, तेच सोडून देण्यास प्रभू सांगतो. आणि ज्याने सावकाराच्या घरी भांडी ठेवलेली पाहिली आहेत, त्याने निर्गमातील ती दोन वचने अवश्य मोठ्याने वाचावी.

प्रभूचा स्वतःचा सदरा बिनशिवणीचा, वरपासून सबंध विणलेला होता. चार शिपायांनी इतर वस्त्रांचे चार वाटे केले. ह्याचे केले नाहीत. आपल्या घरची लुगडी व धोतरे बिनशिवणीचीच असतात, म्हणून हे आपल्या भगिनींस चटकन कळते. विणलेले वस्त्र मधून फाडले की कडेचे धागे सुटू लागतात, आणि चौघांच्या हाती चार चिंध्या येतात. शिपायांना कापड कळत होते; त्यांनी चिठ्ठ्या टाकल्या.