माउसला हात लावू नका

जूनमध्ये नवी तुकडी आली की तासभर ‘लायब्ररी ओरिएंटेशन’ उरकायचं, ही बहुतेक शाळांतली रीत. बंगळुरूच्या जे. पी. नगरातल्या ज्या शाळेत मी ग्रंथपाल आहे, तिथेही हेच चालायचं. प्रोजेक्टरवर कॅटलॉग, ड्युई दशांश वर्गीकरण, गूगलमध्ये अवतरणचिन्हं कुठे द्यायची, उणे चिन्ह कुठे. मुलं माना डोलावतात आणि पुढच्याच आठवड्यात गृहपाठाचा अख्खा प्रश्न गूगलवर टाकून वर येईल ते उतरवून घेतात. आता तर वरचं उत्तर एआयच तयार करून देतं. डोक्यात प्रश्नच नसताना दिलेली युक्ती टिकणार कशी? तेव्हा नव्या ग्रंथपालांना पहिलं सांगणं हे की तो तास जूनमध्ये घेऊच नका. प्रकल्प सुरू होऊन मुलं अडली की मागून घ्या.

सातवीला पुट्टेनहळ्ळी तलावाचा प्रकल्प होता. एका गटाने पक्ष्यांची भलीमोठी यादी आणली, शिवाय २०१५ साली तलावाला पक्षी संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाल्याचंही लिहिलं. माहिती खरी, तलाव भलताच. तो पुट्टेनहळ्ळी येलहंक्याचा, शहराच्या पार उत्तरेला. आपला इथे सातव्या फेजमध्ये. सांगून टाकायला जीभ वळवळत होती, पण “नकाशा उघडा” एवढंच म्हटलं. थोड्या वेळाने आवाज आला, “मॅम, हा तर एअरपोर्टच्या रस्त्याला आहे!”

मग शोधात ‘जे. पी. नगर’ हे शब्द त्यांनी आपणहून घातले. गटातल्या एका मुलीने कन्नडमध्ये ‘केरे’, म्हणजे तलाव, असं लिहून पाहिलं. जुन्या इंग्रजी कागदपत्रांत तलावाला ‘टँक’ म्हणतात, एवढी पुस्ती मी जोडली. २०१० साली रहिवाशांनी ट्रस्ट स्थापून या तलावाची देखभाल अंगावर घेतली, ही हकीकत मग त्यांच्या हाती लागली.

गप्प बसणं आम्हा ग्रंथपालांना जड जातं, कारण ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांच्या १९३१ च्या पाच नियमांतला चौथा अंगात मुरलेला: वाचकाचा वेळ वाचवा. काउंटरवर तो नियम जरूर पाळा. शिकवताना मात्र मुलाचा थोडा वेळ वाया जाऊ द्या, आणि काही झालं तरी माउस आपल्या हातात घेऊ नका.

संकेतस्थळ विश्वासाचं आहे का, हे ठरवायला ‘लेखक कोण, तारीख काय’ अशी प्रश्नावली वाटण्यातही फारसा अर्थ नाही. स्टॅनफर्डच्या वाइनबर्ग आणि मॅकग्रू यांनी इतिहासाचे प्राध्यापक, विद्यार्थी आणि फॅक्टचेकर यांना प्रत्यक्ष शोधताना पाहिलं. प्राध्यापकही देखण्या पानांना फसले. फॅक्टचेकर पान वाचत बसलेच नाहीत. नवा टॅब उघडून ‘या संस्थेबद्दल इतर काय म्हणतात’ ते त्यांनी आधी पाहिलं. हे मुलांना सांगून कळत नाही, शेजारी बसून करवून घ्यावं लागतं.

मुलांना एक वही करायला लावा: कोणते शब्द टाकले, काय आलं, मग काय बदललं. पण त्याआधी विषयशिक्षिकेकडून या वहीला पाच तरी गुण कबूल करून घ्या. नाहीतर मुलं ती आदल्या रात्री एका बैठकीत भरतात, तीही एकमेकांची बघून.