फाइल कोणत्या वाटेने जाते

संत तुकाराम नगर, पिंपरी

चिरंजीव भाच्यास,

भोसरी-चाकणच्या पट्ट्यात यंत्रांचे ऑटोमेशन सांभाळणाऱ्या अभियंत्याच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीन असणे ही चैन नसून गरज असते, कारण पीएलसी, म्हणजे यंत्राच्या हालचाली ठरल्या क्रमाने घडवणारा नियंत्रक, वर्षानुवर्षे बिनतक्रार चालतो, पण त्याचा प्रोग्रॅम उघडणारे त्या काळचे सॉफ्टवेअर आजच्या विंडोजवर बहुधा चालत नाही आणि म्हणून ते विंडोज एक्सपीसह एका आभासी संगणकात, म्हणजेच व्हर्च्युअल मशीनमध्ये, जपून ठेवावे लागते. या आतल्या संगणकाला गेस्ट आणि त्याला चालवणाऱ्या प्रत्यक्ष संगणकाला होस्ट म्हणतात.

होस्टवरील फाइल गेस्टला दिसेनाशी झाली की नवशिका एकामागून एक सेटिंग बदलत सुटतो, आणि अखेर फाइल दिसली तरी ती कशामुळे दिसली हे त्याला सांगता येत नाही. चिरंजीवाने तसे करू नये. फाइल कोणत्या वाटेने जाणे अपेक्षित आहे, हे त्याने आधी निश्चित करावे.

पहिली वाट शेअर्ड फोल्डरची. ती व्हर्च्युअल मशीन चालवणारे व्हर्च्युअलबॉक्स किंवा व्हीएमवेअर हे सॉफ्टवेअर स्वतः पुरवते आणि तिचा नेटवर्कशी संबंध नसतो, त्यामुळे तेथे फायरवॉल बंद करून काहीही साधत नाही. तिच्यासाठी गेस्टमध्ये गेस्ट अॅडिशन्स किंवा व्हीएमवेअर टूल्स हे साहाय्यक सॉफ्टवेअर लागते. व्हर्च्युअलबॉक्समधील लिनक्स गेस्टमध्ये फोल्डर दिसूनही उघडत नसेल, तर वापरकर्ता ‘व्हीबॉक्सएसएफ’ या गटात आहे का ते पाहावे, आणि त्यात नाव घातल्यावर लॉगआउट करून पुन्हा लॉगइन करावे, कारण गटाचे सदस्यत्व लॉगइनच्या वेळीच लागू होते.

दुसरी वाट नेटवर्कची, म्हणजे एसएमबी या विंडोजच्या फाइल-वाटपाच्या पद्धतीची. ती ४४५ क्रमांकाच्या पोर्टवरून चालते. येथे त्रुटीचा क्रमांक नीट वाचणे हेच अर्धे निदान असते: ५३ म्हणजे पत्ताच सापडला नाही, तर ५ म्हणजे संगणक भेटला पण परवानगी मिळाली नाही, आणि या दोन दुखण्यांचे उपाय सर्वस्वी वेगळे आहेत. व्हर्च्युअलबॉक्सच्या नॅट जोडणीत, म्हणजे गेस्ट होस्टच्या आडून नेटवर्कवर जातो त्या प्रकारात, गेस्टला होस्टपर्यंत जाता येते, मात्र होस्टला गेस्टकडे थेट जाता येत नाही. तसे जायचे असल्यास होस्ट-ओन्ली, म्हणजे केवळ होस्ट आणि गेस्ट यांच्यातली, जोडणी घ्यावी.

एक्सपीच्या बाबतीत या दुसऱ्या वाटेचा मोह टाळणे विशेष अगत्याचे आहे. एक्सपीला एसएमबीची केवळ पहिली आवृत्ती समजते, आणि मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस याच आवृत्तीतील भगदाडातून जगभर पसरला. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरपासून विंडोज १० च्या नव्या इन्स्टॉलेशनमध्ये ती मुळातच सुरू नसते. एका फाइलसाठी ती पुन्हा सुरू केलेला लॅपटॉप दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या नेटवर्कला जोडला जातो, आणि तेथील जुनी यंत्रे स्वतःचे रक्षण करू शकत नाहीत. म्हणून एक्सपीसाठी शेअर्ड फोल्डर वापरावा, तो जमत नसल्यास फायलींची आयएसओ प्रतिमा करून ती आभासी सीडी म्हणून जोडावी.

पीएलसीचा प्रकल्प शेअर केलेल्या फोल्डरमधून थेट उघडू नये, कारण तो एकमेकींवर अवलंबून असलेल्या अनेक फायलींचा असतो आणि जोडणी मध्येच तुटल्यास सगळाच बिघडू शकतो. त्याची आर्काइव्ह, म्हणजे एकत्र बांधलेली प्रत, गेस्टमध्ये उतरवून तेथेच काम करावे व काम झाल्यावर नवी आर्काइव्ह परत न्यावी.

एवढे करूनही फाइल मिळाली नाही, तर पुढच्या पत्रात वाट कोणती, जोडणी कोणती आणि पडद्यावर आलेला संदेश कोणता, हे अक्षरशः कळवावे.