गाडी उंच झाली, स्टेअरिंग का बिघडलं?

प्रश्न : माझ्याकडे २०२१ची थार आहे. नुकतीच ती पुढून दोन आणि मागून तीन इंच उंच करून घेतली. मागे माणसं बसली की गाडी दबते, म्हणून तिथे एक इंच जास्त. शॉकअप नवे, चांगल्यातले टाकले. पण आता धुळे रस्त्याला लागलं की स्टेअरिंग हातात हलकं लागतं, वळण संपल्यावर आपोआप सरळ होत नाही आणि चाक खड्ड्यात गेलं की गाडी एका बाजूला ओढते. शॉकअप चांगले असताना स्टेअरिंग का बिघडावं?
— एक वाचक, सातारा परिसर, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : तुमचे शॉकअप निर्दोष असतील. स्प्रिंगची उसळी आवरायची, हे त्यांचं काम. चाकाचं तोंड कुठे राहावं हे ठरवतात ते चाकाला धरणारे आर्म, बॉल जॉइंट आणि टाय रॉड, म्हणजे स्टेअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेणारी दांडी. गाडी उंच केली की या सगळ्यांचे कोन बदलतात.

एखादी मोटारसायकल बाजूने पाहा. पुढचा फोर्क सरळ खाली उतरत नाही, खाली येताना पुढे कललेला असतो. (वाळूजला एंड्युरन्समध्ये असे फोर्क बनतात. तुमच्या ओळखीत हे हातात धरून दाखवणारं कुणी निघेलच.) हँडल ज्या आसावर फिरतं, त्यातून एक रेषा जमिनीपर्यंत ओढली तर ती टायर टेकतो त्या जागेच्या थोडी पुढे पडते. टायर त्या रेषेच्या मागून ओढला जातो, आणि मागून ओढलं जाणारं चाक आपणहून सरळ होऊ पाहतं. मोटारीतही पुढचं चाक ज्या आसाभोवती वळतं, त्याचं वरचं टोक किंचित मागे झुकवलेलं असतं. या झुकावाला कॅस्टर म्हणतात. वळणानंतर स्टेअरिंग परत येतं आणि सरळ रस्त्यावर हाताला भरीव लागतं, ते मुख्यतः त्याच्यामुळे.

तुमचा तो मागचा जादा एक इंच इथे नडतो. थारचा व्हीलबेस २,४५० मिमी. मागची बाजू पुढच्यापेक्षा एक इंच जास्त उचलली की अख्खी गाडी सुमारे ०.६ अंश पुढे झुकते आणि तेवढा कॅस्टर कमी होतो. मुळात कॅस्टर मोजकेच अंश असतो, त्यामुळे अर्धा-पाऊण अंशही हाताला कळतो. पुढचे आर्म खाली लटकल्याने सहसा आणखी थोडा जातो.

खड्ड्यातलं ओढणं मात्र टाय रॉडचं. हिशेब करून पाहा. ३० सेंमीची आडवी दांडी एका टोकाला बांधलेली आहे. दुसरं टोक २.५ सेंमी वर किंवा खाली गेलं तर आडव्या अंतरात फक्त १ मिमी फरक पडतो. तीच दांडी आधीच ५ सेंमी खाली लटकत असेल, तर तेवढ्याच हालचालीत ३ ते ५ मिमी. कंपनी टाय रॉड आणि आर्म यांची चाल एकमेकांशी जुळवून देते, पण ती मूळ उंचीच्या आसपास. दोन इंच लटकल्यावर ती जुळणी बिघडते. खड्ड्यात चाक खाली जातं आणि स्टेअरिंग न फिरवताही त्याचं तोंड वळतं. कन्नडच्या औट्रम घाटात, उतारावर, वळणात हे झालं तर? म्हणून दुरुस्ती होईपर्यंत तिकडे जाऊ नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

पहिलं काम अलाइनमेंट. आधी टायरमधली हवा तपासा, मग चांगल्या यंत्रावर कॅस्टर, कॅम्बर (समोरून पाहताना चाकाचा झुकाव) आणि टो (वरून पाहताना चाकांची तोंडं आत की बाहेर) तिन्ही मोजून छापील कागद घ्या. नुसता टो जुळवून गाडी परत दिली तर मूळ दुखणं तसंच राहील. कॅस्टर कंपनीच्या मर्यादेत येत नसेल तर मागचा जादा इंच काढा. तरीही कमी पडला तर बॉल जॉइंटची जागा बदललेले, उंच केलेल्या गाडीसाठीचे वरचे आर्म लागतात. शॉकअपच्या आधी खर्च करायचा तो इथे. टायर बाहेर काढणारी रुंद रिम बसवली असेल तर तीही सांगा. तिच्यामुळे दगडावर स्टेअरिंग हाताला झटका देतं. कच्च्या वाटेवर अंगठे स्टेअरिंगच्या आत अडकवू नका.

इतर गाड्यांत उपाय वेगळा. जुन्या महिंद्रा जीपला आणि जिप्सीला पुढे पाटे असतात. तिथे पाट्याखाली पाचर बसवून कॅस्टर परत आणता येतो. जिम्नीचा पुढचा ॲक्सल एकसंध. ती उंच केली की ॲक्सल बाजूला सरकतो आणि त्याला जागेवर धरणारा आडवा रॉड नव्याने जुळवावा लागतो. त्यात सैल बुश राहिला तर वेगात सगळं स्टेअरिंग थरथरू लागतं.

उंची कशासाठी हवी होती, हेही एकदा तपासा. स्प्रिंगखाली स्पेसर टाकून बॉडी वर जाते, मागच्या ॲक्सलचा डिफरन्शिअल होता तिथेच राहतो. त्याला वर नेतो तो फक्त मोठा टायर, तोही व्यासाच्या वाढीच्या निम्माच. खुलताबादच्या माळावरच्या काळ्या दगडांत बंपर आणि पोट वाचवायला लिफ्ट कामाची आहे. आपल्या काळ्या मातीच्या चिखलात तिच्यापेक्षा टायरची नक्षी आणि हवेचा दाब जास्त उपयोगी. थारचा मूळ ग्राउंड क्लिअरन्स २२६ मिमी आहे आणि तो कमी नाही.

नोंदणीपत्रातल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हे कलम कडकपणे लावलं आहे. आरटीओत आणि विमा कंपनीकडे लेखी विचारून घ्या.

स्प्रिंग बसल्यावर, म्हणजे साधारण हजार किलोमीटरनंतर, अलाइनमेंट पुन्हा मोजा. दोन्ही वेळचे कागद मला पाठवलेत तर आर्म बदलायचे की नाही, ते आकडे पाहून सांगता येईल.