हिप-हॉपची बेसलाइन कानानं बसवताना

पहिल्या सरावाला शुगरहिल गँगचं ‘रॅपर्स डिलाइट’ (१९७९) घ्या. त्याची बेसलाइन मुळात शीक या बँडच्या ‘गुड टाइम्स’मधली, बर्नार्ड एडवर्ड्सनं वाजवलेली. शुगरहिलच्या वादकांनी ती स्टुडिओत पुन्हा वाजवली. ओळ चारच बारांची आहे, पण तिच्यात शिकण्यासारखं खूप आहे.

काय करावं

• गिटार बाजूला ठेवून हेडफोनवर ऐका. बेसची सर्वांत खालची मोकळी तार, ई, सुमारे ४१ हर्ट्झची. मोबाइलच्या स्पीकरमधून ती जवळजवळ येतच नाही. ऐकू येतात ते तिचे वरचे स्वयंभू स्वर, आणि मग सप्तक चुकतं.

• ओळ गुणगुणा. गळा खर्जात पोचत नसेल तर एक सप्तक वर गा, चालेल. गाता आली की बोटं जागा शोधतात.

• आधी ठेका, मग सूर. संपूर्ण ओळ एकाच स्वरावर वाजवून पाहा. सुरुवातीला पहिल्या तीन मात्रांवर तीन ई येतात, मग जागा मोकळी सुटते. ती जागा सांभाळणं हे या ओळीतलं सगळ्यात अवघड काम आहे. मोकळी तार आपणहून थांबत नाही. डाव्या हाताची बोटं तिच्यावर अलगद टेकवून नाद तोडावा लागतो. प्रत्येक स्वर कुठे सुरू होतो हे सगळेच ऐकतात; तो कुठे संपतो तेही ऐका. नाच तिथून येतो.

• आधार ओळखा: दोन बार ई मायनर, दोन बार ए. मधले स्वर या दोन घरांच्या वाटेवर सापडतात.

• अडलात तर यूट्यूबचा वेग ०.७५ करा. सूर तोच राहतो.

काय टाळावं

• पहिल्या तीन ठोक्यांवरून ओळ कळली असं समजू नका. क्वीनच्या ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’मध्येही (१९८०) तीन ई आहेत. वेगळेपण पुढच्या चालीत आहे.

• सूर जुळेना म्हणून कानावर अविश्वास नको. पुढच्या काळातली कितीतरी गाणी जुन्या रेकॉर्डच्या तुकड्यांवर उभी आहेत. रेकॉर्ड सहा टक्के जलद फिरवली की सूर सुमारे अर्ध्या स्वरानं चढतो. तीन टक्क्यांवर तो दोन फ्रेटच्या मधोमध अडकतो. अशा वेळी ट्यूनर बंद करा आणि तारा गाण्याला लावा.

• ऐकू येतं ते एकच वाद्य आहे, असं धरून चालू नका. अ ट्राइब कॉल्ड क्वेस्टच्या ‘कॅन आय किक इट?’मधली ओळ लू रीडच्या ‘वॉक ऑन द वाइल्ड साइड’मधून (१९७२) घेतलेली. तिथे हर्बी फ्लॉवर्सनं आधी उभा डबल बेस वाजवला आणि त्यावर इलेक्ट्रिक बेसचा दुसरा थर चढवला. आधी खालचा थर पकडा.

• रॅपच्या ओळींमध्ये हरकती भरू नका. तिथे शब्दांना वाट हवी.

• टॅब आधी उघडू नका. साध्या टॅबमध्ये फ्रेटचे आकडे असतात, स्वर किती वेळ धरायचा ते बहुधा नसतं. ओळ बसल्यावर पडताळणीला मात्र जरूर पाहा.