अपघाताचा दावा केसपेपरपासून सुरू होतो

आरोग्याच्या पानावर कोर्टकचेरीचा विषय कशाला, असे कुणी विचारेल. कारण सरळ आहे. मोडलेला पाय बसवायला पैसा लागतो आणि तो बसेपर्यंत घरची चूल पेटायलाही पैसा लागतो. आपल्या वस्त्यांतली पुष्कळ माणसे नाक्यावरच्या कामावर, रिक्षावर, डिलिव्हरीवर, धुण्याभांड्यांवर जगतात. काम बंद तर मजुरी बंद. म्हणून नुकसानभरपाई हा उपचाराचाच एक भाग आहे, असे आम्ही समजतो.

वॉर्डात ड्युटी करताना आणि पुढे वस्त्यांत फिरताना आम्ही एक गोष्ट पुन्हा पुन्हा पाहिली. कितीतरी दावे कोर्टाची पायरी चढण्याआधीच कमजोर झालेले असतात. पहिल्या दोन-चार दिवसांत जे लिहून घ्यायला हवे होते, ते लिहिलेले नसते.

आधी जीव

१०८ किंवा ११२ ला फोन करा आणि जखमीला जवळच्या दवाखान्यात न्या. पोलीस आल्याशिवाय हात लावणार नाही, असे कोणताही डॉक्टर म्हणू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात हे स्पष्ट सांगितले आहे. मे २०२५ पासून केंद्र सरकारची रस्ते अपघातासाठी कॅशलेस उपचाराची योजना लागू आहे. तिच्यात नेमून दिलेल्या रुग्णालयांत अपघातापासून ७ दिवसांपर्यंत, १ लाख ५० हजार रुपयांपर्यंत उपचार मिळतात. दाखल करतानाच या योजनेविषयी विचारा.

डोक्याला मार असेल तर ‘बरे वाटते’ म्हणून घरी पळू नका. उलट्या, वाढती डोकेदुखी, जास्तीची झोप, बडबड किंवा हातापायात अशक्तपणा दिसला तर लगेच परत न्या. डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध सही करून घरी नेले, तर जीवाला धोका आहेच, शिवाय पुढे ‘यांनीच उपचार सोडले’ असे म्हणायला विमा कंपनीला जागा मिळते.

पहिली ओळ खरी लिहून घ्या

कॅज्युअल्टीत डॉक्टर विचारतात, ‘काय झाले?’ तुम्ही जे सांगाल ते केसपेपरवर लिहिले जाते. इथेच गाडीवाला कानाशी लागतो, ‘पोलिसांचे लफडे नको, खर्च मी देतो, जिन्यावरून पडला म्हणा.’ घाबरलेले नातेवाईक तसे सांगतात. गाडीवाला दोन दिवसांनी फोन उचलत नाही आणि केसपेपरवर मात्र ‘जिन्यावरून पडला’ हेच राहते. पुढे विमा कंपनीचा वकील तीच ओळ न्यायाधीशांसमोर ठेवतो.

म्हणून तारीख, वेळ, ठिकाण, कोणत्या गाडीने धडक दिली आणि गाडीचा नंबर, एवढे नीट सांगा. एमएलसी झाली का ते विचारा, तिचा नंबर लिहून घ्या. घाईत चुकीचे लिहिले गेले असेल तर लगेच डॉक्टरांना आणि पोलिसांना लेखी कळवून पोच घ्या.

पोलीस ठाण्यात

एफआयआर कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येतो. त्याची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या. जागेचे, गाडीचे आणि जखमेचे फोटो काढा. पाहणाऱ्या दोघांचे नाव-नंबर लिहून ठेवा. अपघाताचा पहिला अहवाल पोलिसांनी ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत दावा न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. तो गेला का, ते विचारत राहा.

गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही, तरी तक्रार कराच. अशा अपघातात गंभीर दुखापतीला ५० हजार आणि मृत्यू झाल्यास २ लाख रुपये सरकारी योजनेतून मिळतात. त्यासाठी तहसील किंवा प्रांत कार्यालयात चौकशी करा.

घरात एक फाईल ठेवा

- केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनची नोंद
- एक्स-रे आणि स्कॅनच्या फिल्म, त्यांचे रिपोर्ट
- रुग्णाचे नाव असलेली औषधांची बिले (गुळगुळीत कागदावरची शाई उडते, म्हणून लगेच झेरॉक्स काढा)
- रिक्षा, अ‍ॅम्ब्युलन्स, वॉकर, सांभाळायला ठेवलेल्या माणसाचा खर्च
- कोणत्या दिवसापासून काम बंद, याची वही
- दर फेरतपासणीचा कागद

उपचार संपल्यावरही हात-पाय पूर्वीसारखा चालत नसेल, तर सरकारी रुग्णालयातून अपंगत्वाचा दाखला घ्या.

पगाराची स्लिप नाही, मग?

स्लिप नाही म्हणून कमाई नव्हती असे होत नाही. २०११ साली रामचंद्रप्पा या हमालाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कागद नसतानाही त्याने सांगितलेली महिना ४,५०० रुपयांची मजुरी मान्य केली. मुकादमाचे पत्र, सोबतच्या मजुराची साक्ष, बँकेच्या नोंदी, नोंदणीचे कार्ड जे असेल ते जोडा.

त्याआधी २०१० साली राजकुमार खटल्यात न्यायालयाने सांगितले की दाखल्यावरच्या टक्क्याइतकेच नुकसान धरू नये. त्या माणसाचे काम काय, हेही बघावे. डावा हात गेला तर कारकून नोकरीत राहू शकेल, पण ड्रायव्हरची किंवा सुताराची रोजीरोटीच जाईल. म्हणून तुम्ही नेमके काय काम करत होता, ते अर्जात सविस्तर लिहा. घरकाम करणाऱ्या गृहिणीच्या श्रमालाही पैशात मोल आहे, हे न्यायालयाने २०२१ मध्ये कीर्ती खटल्यात मान्य केले आहे.

सही करण्याआधी

कोऱ्या कागदावर सही नको, ‘काही तक्रार नाही’ यावरही नको. आज हातात आलेले वीस हजार मोठे वाटतात, पण रॉडमध्ये पू झाला, दुसरे ऑपरेशन निघाले, तर ते महिनाभरही पुरत नाहीत. हाड मोडले तर ती कायद्याने गंभीर दुखापत आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली चूक कोणाची हे सिद्ध न करता अशा दुखापतीला अडीच लाख आणि मृत्यूला ५ लाख रुपये मागता येतात. मात्र ही रक्कम स्वीकारली की कलम १६६ खालचा मोठा दावा संपतो. लोक अदालतीतल्या तडजोडीवर अपील होत नाही. म्हणून आधी वकिलाला विचारा, मग ठरवा. दवाखान्याबाहेर टक्क्यावर केस मागणाऱ्यांपासून दूर राहा. निकालाच्या रकमेत वाटा ठरवणे वकिलांच्या नियमांतच बसत नाही.

मुदत आणि मोफत वकील

कायद्याने दावा अपघातापासून ६ महिन्यांत दाखल करायचा आहे. प्लास्टर निघायची वाट पाहू नका. तुम्ही राहता त्या भागातल्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातही दावा करता येतो. अपघात परगावी झाला म्हणून तिकडे खेटे घालायची गरज नाही.

वकिलाची फी नाही म्हणून गप्प बसू नका. अनुसूचित जातीच्या व्यक्तीला, स्त्रीला, मुलांना आणि अपंगांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीनंतर आपण बौद्धही अनुसूचित जातीत धरले जातो. जातीचा दाखला घेऊन जिल्हा किंवा तालुका न्यायालयातल्या विधी सेवा कार्यालयात जा, किंवा १५१०० वर फोन करा.

हे पान कापून विहाराच्या फलकावर लावा. १०८, ११२ आणि १५१०० हे तीन नंबर घरातल्या लहानथोरांच्या मोबाईलमध्ये आजच घाला.