डासाच्या अंगातील बिऱ्हाडकरू

हरभऱ्याच्या मुळावरील गाठी आपण पाहिल्याच असतील. त्यांतील जंतू पिकाला नत्र देतात व पिकाकडून साखर घेतात. कीटकांच्या पेशींतही एक जंतू असाच बिऱ्हाड करून राहतो. त्याचे नाव वोल्बाकिया. १९२४ मध्ये तो अमेरिकेत डासांत प्रथम आढळला.

हा बिऱ्हाडकरू मात्र तितका सरळ नाही. तो आईच्या अंड्यातून पिलांत उतरतो, बापाकडून नाही. म्हणून त्याने मादीची बाजू धरली आहे. जंतू असलेला नर आणि जंतू नसलेली मादी यांच्या अंड्यांतून अळ्या निघतच नाहीत. जंतूवाल्या मादीची अंडी मात्र नर कोणताही असो, वाया जात नाहीत. अशा माद्या पिढ्यानुपिढ्या वाढतच जातात. आम्हांस तरी ही लबाडी कौतुकाची वाटते.

डेंग्यूवर खास औषध नाही आणि तो पसरविणाऱ्या पट्टेरी डासात हा जंतू मुळात नसतो. ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी फळमाशीतला जंतू त्याच्या अंड्यांत बारीक सुईने घातला. त्या डासांत डेंग्यूचा विषाणू नीट वाढेना! इंडोनेशियातील योग्यकर्ता शहरात असे डास सोडले, तेथे डेंग्यू ७७ टक्क्यांनी कमी आढळला, असे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले.

आपल्या पिंपातला डास जुनाच आहे. त्याची अंडी पाण्याच्या कडेला भिंतीस चिकटतात आणि वाळली तरी महिनोन्महिने तगतात. तेव्हा पिंप व गुरांची डोण दर आठवड्याला नुसती उपसू नये, आतून खसखसून घासावी.