दुसऱ्यांदा धंदा बसला, आता?

प्रश्न : टॉवेलचा छोटा धंदा दुसऱ्यांदा बसला. घरचे म्हणतात, नोकरी धर. चिकाटी कुठं संपते आणि हट्ट कुठं सुरू होतो? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : सोलापुरातच 1882 मध्ये जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांचा हिशेब इथं पाहण्यासारखा आहे. घरचा व्यापार सोडून ते लक्ष्मणराव फाटकांसोबत रेल्वेची कंत्राटं घेऊ लागले. तिथं जम बसला आणि गडी थेट समुद्रात उतरला!

1919 मध्ये भागीदारांसह त्यांनी सिंदिया ही जहाज कंपनी काढली आणि ग्वाल्हेरच्या महाराजांचं 'लॉयल्टी' हे जुनं जहाज घेतलं. 5 एप्रिलला ते मुंबईहून लंडनला निघालं. राष्ट्रीय सागरी दिन त्याच तारखेचा. ब्रिटिश कंपन्यांनी भाडी पाडली. 1923 मध्ये 'लॉयल्टी' भंगारात निघालं. त्याच वर्षी ब्रिटिशांशी दहा वर्षांचा करार करून सिंदियाला किनारी मालवाहतुकीवर भागवावं लागलं. मानी माणसाला झोंबणारी तडजोड, पण कंपनी तगली.

पुढे सिंदियाच्याच विशाखापट्टणमच्या गोदीची पायाभरणी 1941 मध्ये झाली आणि मार्च 1948 मध्ये तिथं बांधलेलं 'जलउषा' पाण्यात उतरलं.

अर्थात, वालचंदांच्या पाठीशी घरचं भांडवल होतं. वाचकानं आधी दोन्ही वेळच्या वह्या शेजारी ठेवाव्यात. दोन्हीदा थकलेल्या उधारीनंच बुडवलं असेल, तर त्याच पद्धतीनं तिसरा डाव हा हट्ट. कारणं वेगळी असतील, तर नोकरी धरून, फक्त रोखीच्या ऑर्डरी घेऊन सहा महिने चालवून पाहावं.